नायनर्स २०२५: चेहरे विका, लाइन बांधा

चौथा_डाव | २० फेब्रुवारी २०२५, रात्री ९.४०

मंडळी, सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाच्या इगल्सनी कॅन्सस सिटीच्या चीफ्सना ४०-२२ असं धुतलं तेव्हा मला आनंद झाला, आणि आनंदापेक्षा जास्त जळफळाट झाला. आनंदाचं कारण उघड आहे. चीफ्सनी आपल्याला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सना, दोन सुपर बोलमध्ये रडवलंय. जळफळाट अशासाठी की इगल्सनी अख्ख्या सामन्यात एकदाही ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) केला नाही. चार जण पुढून घुसायचे, सात जण मागे निवांत उभे, आणि तरी चीफ्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा म्होरक्या) महोम्स सहा वेळा आडवा. अहो, ही आपली रेसिपी होती! २०१९ मध्ये बोसा, बकनर, आर्मस्टेड आणि डी फोर्ड हे डिफेन्सचा प्रशिक्षक सालेहच्या हाताखाली हेच करत होते. मग आपण बकनरला इंडियानापोलिसला विकलं, त्या बदल्यात मिळालेल्या पहिल्या फेरीच्या पिकातून (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, निवडीचा हक्क) किनलॉ आला, आणि तेव्हापासून ती भिंत एकेक वीट करून ढासळत गेली.

गेल्या मोसमाचं पंचांग सगळ्यांना पाठ आहेच. ६-११, डिव्हिजनमध्ये शेवटचा नंबर, शेवटच्या आठ सामन्यांत एक विजय. रॅम्सविरुद्धच्या त्या १२-६ च्या पावसाळी सामन्यात डेव्हाँद्रे कॅम्पबेल "मी खेळत नाही" म्हणून सरळ लॉकर रूमकडे चालता झाला, तिथे माझ्यापुरता मोसम संपला.

आता दोस्तांचं म्हणणं असं की ही सगळी दुखापतींची कृपा. मॅकॅफ्री चारच सामने खेळला, आयुकचा गुडघा ऑक्टोबरात गेला, हारग्रेव्ह तिसऱ्याच आठवड्यात बाद, डावा टॅकल ट्रेंट विल्यम्सचा घोटा, आणि वॉर्नर तर घोट्याचं हाड मोडलेलं असताना खेळत होता. सगळे बरे झाले की गाडी आपोआप रुळावर येईल. मला हे मुळीच पटत नाही. ट्रेंट जुलैत ३७ चा होईल. मॅकॅफ्रीने २०२३ मध्ये दोन हजारांवर यार्ड काढले, त्याचं भाडं शरीराने वसूल केलंच. वय झालेला संघ दरवर्षी कुठेतरी मोडणारच, त्याला दुर्दैव म्हणून कसं चालेल?

आणि खरा बदल वेगळाच आहे. ब्रॉक पर्डी, आपला क्वार्टरबॅक. २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू. आजवर त्याला वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपास मिळत होते. दहा लाखांत क्वार्टरबॅक, म्हणून तर बोसाला १७ कोटींचा आणि आयुकला १२ कोटींचा करार देता आला, ट्रेंट, डीबो, किटल, वॉर्नर सगळे एका छपराखाली राहिले. तो सुकाळ संपला. डॅक प्रेस्कॉट वर्षाला सहा कोटी घेतो, गॉफ ५.३, लॉरेन्स ५.५. पर्डी याच रांगेत बसणार. लीगने काल सांगितलं की यंदाची कॅप (संघाच्या पगारखर्चाची मर्यादा) २७.७५ ते २८.१५ कोटींच्या दरम्यान असेल. म्हणजे पाचवा हिस्सा एका माणसाला.

द्यावेत का? द्यावेतच. ज्यांना "पर्डी सिस्टीम क्यूबी आहे" (म्हणजे प्रशिक्षकाच्या योजनेमुळेच चमकणारा क्वार्टरबॅक) असा वाद घालायचाय त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा. पण ते दिले की बाकीचं घर कसं लावायचं, हा या धाग्याचा विषय. माझं म्हणणं एका ओळीत: चेंडू हातात घेऊन पळणाऱ्या महागड्या चेहऱ्यांवर खर्च कमी करा आणि दोन्ही बाजूंच्या लाइन (चेंडूपाशी समोरासमोर भिडणाऱ्या आडदांडांच्या फळ्या) तरुण पोरांनी बांधा.

आपला रिसीव्हर (पास झेलणारा) डीबोने ट्रेड मागितलाच आहे, तर देऊन टाका. २०२१ चा डीबो, १४०५ यार्ड रिसीव्हिंग, वर ३६५ रनिंग, तो माणूस मी आयुष्यभर विसरणार नाही. पण गेल्या वर्षी ६७०. जेनिंग्ज सातव्या फेरीतून येऊन ९७५ करतो, पिअरसॉल आहे, आयुक कधीतरी परतेल. डीबोला विकलं तर त्याच्या जुन्या बोनसचे तीन कोटींहून जास्त डेड मनी म्हणून यंदाच्या हिशेबात बसतील. बसू देत. औषध कडू असेल तर ज्या वर्षी नाहीतरी तोंड कडूच आहे त्या वर्षी घ्यावं.

हारग्रेव्ह आणि फ्लॉइड यांना सोडा. फ्लॉइडचे साडेआठ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) दिसायला बरे आहेत, पण धावणाऱ्याला अडवताना तो वाहून जातो. वॉर्ड आणि हुफांगा मोठे पैसे मागणार, त्यांना शुभेच्छा. ते गेले की पुढच्या वर्षी कॉम्पेन्सेटरी पिक मिळतील. आपल्या फ्रंट ऑफिसला ही विद्या चांगली येते. मात्र ग्रीनलॉला ठेवा. सुपर बोलमध्ये मैदानात पळत येताना अकिलीस तुटलेला माणूस, त्याची किंमत बाजारात आत्ता कमी असणार. दोन वर्षांचा करार द्या आणि विषय संपवा.

आता ड्राफ्ट. अकरावा नंबर आहे. ट्रे लान्ससाठी तीन पहिल्या फेऱ्या घालवल्यानंतर इतक्या वरचा पिक पहिल्यांदाच हातात आलाय, तो वाया घालवायचा नाही. माझी पहिली पसंती ऑफेन्सिव्ह टॅकलला (क्वार्टरबॅकला कडेने सांभाळणारा): एलएसयूचा विल कॅम्पबेल, मिझूरीचा मेंबू किंवा टेक्सासचा केल्विन बँक्स. यांतला जो उरेल तो घ्या, एक वर्ष गार्डवर खेळवा, ट्रेंट निवृत्त झाला की डाव्या टॅकलवर सरकवा. दुसऱ्या फेरीत डिफेन्सिव्ह टॅकल. गेल्या वर्षी तिसऱ्या फेरीतला डॉमिनिक पुनी आल्याबरोबर सगळे सामने खेळला आणि लाइनवरचा सगळ्यात भरवशाचा पोरगा ठरला. तरुण लाइनमन आपल्याकडे रुजत नाहीत ही निव्वळ समजूत आहे, आपण लावतच नाही.

हे सगळं मी एवढं तळमळून का लिहितोय? कारण फेब्रुवारी २०२४ चा ओव्हरटाइम आठवतो. चीफ्सच्या नऊ यार्डांवर, तिसरा डाऊन (चारपैकी तिसरा प्रयत्न), चार यार्ड हवेत. ख्रिस जोन्सला अडवायला कुणीच नाही. तो मोकळा सुटला, पर्डीने घाईत चेंडू फेकला, सहाच्या जागी तीन गुण. पुढचं सांगायला नको. त्या एका गॅपमध्ये आपला सुपर बोल पडलाय. शेवटचा करंडक जानेवारी १९९५ मध्ये आला होता, स्टीव्ह यंगच्या हातात. तेव्हा मी शाळेत होतो आणि मला हा खेळ आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

किकरबद्दल मी काही लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

---

कोल्हापुरी_पठ्ठ्या | २० फेब्रुवारी, रात्री १०.१५

धागा उघडला तेव्हा वाटलं आमच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलबद्दल काहीतरी असेल. पाटाकडील आणि शिवाजी तरुणच्या सामन्याची वाट बघत बसलेल्या माणसाला इथे अंडाकृती चेंडू मिळाला. असो, वाचलं सगळं. कॅप, डेड मनी, कॉम्पेन्सेटरी, सगळं डोक्यावरून गेलं. कुणी अडाण्याला समजावेल का? खरंच विचारतोय.

---

चौथा_डाव | २० फेब्रुवारी, रात्री १०.५०

पठ्ठ्या, अडाणी कसले, प्रश्न रास्त आहे. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटींची पर्स होती ना, तशीच ही कॅप. फरक असा की इथे करार चार-पाच वर्षांचे असतात आणि बोनस आज रोख देऊन त्याचा हिशेब पुढच्या पाच वर्षांत सारखा वाटता येतो. समजा खेळाडूला आज पाच कोटी बोनस दिला, तर कागदावर दरवर्षी एकच कोटी दिसणार. पण दोन वर्षांनी त्याला विकला तर उरलेले तीन कोटी एकदम त्या वर्षीच्या पर्समधून जातात. माणूस दुसऱ्याकडे खेळतो, हिशेब तुमच्या वहीत. त्याला डेड मनी म्हणतात.

कॉम्पेन्सेटरीचं असं: तुमचे खेळाडू करार संपून दुसरीकडे गेले आणि तुम्ही तेवढे बाहेरून आणले नाहीत, तर लीग पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीत जादा पिक देते.

---

कोल्हापुरी_पठ्ठ्या | २० फेब्रुवारी, रात्री ११.०५

आत्ता कळलं. म्हणजे गावजेवणाला उधारीवर साखर आणायची. धन्स.

---

अबोली | २१ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

चौथा_डाव, लेख छान, पण डीबोबद्दल ठाम असहमती. गेल्या ऑक्टोबरात तो न्यूमोनियाने हॉस्पिटलमध्ये होता, त्यानंतर त्याचं वजन आणि दम दोन्ही गेलं. तुम्ही मॅकॅफ्रीला "शरीराने भाडं वसूल केलं" म्हणून सवलत देता आणि डीबोला आकडे दाखवता? आयुक ऑक्टोबरपर्यंत तरी येणार नाही. पिअरसॉलने गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये युनियन स्क्वेअरला छातीत गोळी झेलली आणि तरी मोसमात खेळला, त्याच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे, पण त्याचे यार्ड ४००. मग सप्टेंबरमध्ये पर्डी चेंडू टाकणार कुणाला? एकट्या किटलला?

निदान तिसऱ्या फेरीचा पिक मिळत असेल तर विका. नाहीतर एक वर्ष ठेवा, करार संपू द्या, त्याचाही कॉम्पेन्सेटरी पिक येईलच की.

ग्रीनलॉबद्दल मात्र +१००. वॉर्नर आणि ग्रीनलॉ शेजारी उभे असले की मधली फळी बघायला पैसे वसूल.

---

फिलीकर | २१ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

काल माझ्या गावात मिरवणुकीचा कचरा अजून उचलत होते, म्हणून उशीर झाला. दिवे घ्या.

जोक सोडा. चौथा_डाव यांचं निदान बरोबर, पण औषध अर्धंच बरोबर. तुम्ही आमच्याकडे बघून "पहिल्या फेरीत लाइन घ्या" म्हणताय. डिफेन्सिव्ह लाइनबाबत खरंय: जेलन कार्टर नववा, जॉर्डन डेव्हिसही पहिल्याच फेरीतला, नोलन स्मिथ तसाच. जॉर्जियाचा कारखानाच आम्ही उचलून आणला. पण ऑफेन्सिव्ह लाइन बघा. जेसन केल्सी सहाव्या फेरीतला. मेलाटा सातव्या फेरीतला, ऑस्ट्रेलियातून आलेला रग्बीवाला, अमेरिकन फुटबॉल एक सामनाही खेळला नव्हता. ती पोरं आमच्या लाइनचे प्रशिक्षक स्टाउटलंड मास्तरांनी घडवली. मास्तर नसतील तर अकरावा पिकसुद्धा भिजलेला फटाका.

बाकी, पर्डीचं कोपर आमच्याच मैदानात गेलं होतं, जानेवारी २०२३, ३१-७. त्या दिवशी आमच्या रेडिकला अडवायला तुम्ही टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) उभा केला होतात. हे तुमच्या लेखात यायला हवं होतं.

---

चौथा_डाव | २१ फेब्रुवारी, दुपारी १२.२०

फिलीकर, ती आठवण काढल्याबद्दल निषेध. पण मुद्दा मान्य: रेडिकसमोर टाइट एंड उभा करणं हे माझ्याच तक्रारीचं जुनं रूप आहे. आपला मुख्य प्रशिक्षक शनाहानची श्रद्धा अशी की योजना इतकी चांगली आहे की लाइनवर कुणीही चालेल. मॅकिविट्झ पाचव्या फेरीतला, ब्रेंडल तर ड्राफ्टच झाला नव्हता. योजना चांगली असते तोवर चालतंही. तिसरा डाऊन आला, समोरच्याला पास येणार हे माहीत असलं, की योजना संपते आणि माणूस उरतो.

अबोली, डीबोला एक वर्ष ठेवायचा तुमचा मुद्दा हिशेबाने चूक नाही. पण ज्याला जायचंय त्याला ठेवून गेल्या वर्षी काय झालं? आयुकचा करार ऑगस्टअखेरपर्यंत लांबला, ट्रेंट तर सप्टेंबर उजाडेपर्यंत घरीच बसला. सरावाचा अख्खा महिना नाटकात गेला. पुन्हा तेच नको.

---

गणिती_काका | २१ फेब्रुवारी, रात्री ८.४५

तुम्ही सगळे "पर्डीला पाचवा हिस्सा जाणार" म्हणून घाबरलायत, म्हणून थोडं पाणी टाकतो. करार ५.३ कोटींचा झाला तरी पहिल्या वर्षी कॅपवर तेवढे दिसणार नाहीत. बोनस पुढे ढकलता येतो, ऑप्शन बोनस म्हणून एक प्रकार आहे तो आणखी पुढे ढकलतो. शिवाय आपण गेल्या वर्षी न वापरलेले सुमारे पाच कोटी डॉलर यंदाच्या हिशेबात आणलेत. म्हणजे २०२५ मध्ये पैशांची चणचण नाहीच. चणचण २०२७ पासून.

मग यंदा साफसफाई का करायची? कारण मालकांनी तिजोरीतून प्रत्यक्ष दिलेली रक्कम गेली काही वर्षं लीगमध्ये वरच्या पायरीवर होती, आणि आता योर्क साहेब हात आखडता घेणार असा माझा कयास आहे. त्यांना लीड्सलाही वर काढायचंय (पठ्ठ्या, तो तुमचा गोल चेंडूवाला फुटबॉल, क्लब त्यांचाच). तेव्हा फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात) आपण मोठं नाव आणू या भ्रमात कुणी राहू नये.

किकरचं मी लिहितो, माझा रक्तदाब नाहीतरी गोळीवर आहे. मूडी: ३४ पैकी २४. तिसऱ्या फेरीचा पिक किकरवर. त्याच्याआधी रॉबी गुल्ड होता, ज्याने प्लेऑफमध्ये आयुष्यात एकही किक चुकवली नाही. त्याला जाऊ दिलं. बाकी मी काही बोलत नाही.

---

रविवारचा_रश | २२ फेब्रुवारी, सकाळी ९.००

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर लिहितो संध्याकाळी.

---

अबोली | २ मार्च, सकाळी ८.१५

धागा वर काढतेय. डीबो वॉशिंग्टनला. बदल्यात पाचव्या फेरीचा पिक.

पाचव्या.

चौथा_डाव, तुमचं औषध आलं हो घरी.

---

चौथा_डाव | २ मार्च, सकाळी ९.४०

वॉशिंग्टनने त्याचा अख्खा पगार उचललाय, तीही किंमतच आहे. पण हो, पाचवी फेरी म्हणजे रद्दीचा भाव. तो ट्रेड मागतोय हे जगजाहीर झालं की समोरचा भाव पाडणारच. तरीही मी विकलाच असता.

---

रविवारचा_रश | १४ मार्च, रात्री ११.३०

रुमाल अजून आहे का? बरं.

या आठवड्यात गेलेले: आपला लेफ्ट गार्ड आरन बँक्स ग्रीन बेला (चार वर्षं, ७.७ कोटी), वॉर्ड कोल्ट्सकडे, हुफांगा आणि ग्रीनलॉ दोघंही डेन्व्हरला, जेलन मूर चीफ्सकडे. सोडलेले: हारग्रेव्ह, फ्लॉइड, मलिक कॉलिन्स. यूशचेकलाही सोडलं आणि पुन्हा स्वस्तात घेतलं. आलेले: मॅक जोन्स, ल्यूक फॅरेल, डीमार्कस रॉबिन्सन. म्हणजे कुणी नाही.

माझं मत: हे रिबिल्ड नाही, ही मुलं मोठी होऊन एकदम हॉस्टेलला गेल्यावरची घराची अवस्था आहे. पण चौथा_डाव यांनी लिहिलेल्या यादीशी ताडून बघा. ग्रीनलॉ सोडून जवळजवळ सगळं तसंच झालंय. आपले जनरल मॅनेजर लिंच साहेब मराठी वाचतात का?

वॉर्डबद्दल एक. गेल्या ऑक्टोबरात त्याची एक वर्षाची मुलगी गेली. त्याला हे गाव सोडावंसं वाटलं असेल तर त्याबद्दल कुणी हिशेब मांडू नये. कोल्ट्सकडे सुखी राहो.

---

अबोली | १५ मार्च, सकाळी ७.००

वॉर्डबद्दल अगदी खरं.

ग्रीनलॉ गेल्याचं दुःख वेगळं आहे. त्याच्याएवढ्या जोरात टॅकल करणारा माणूस ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत पडलेला नसतो.

---

गणिती_काका | १५ मार्च, सकाळी १०.२०

तो स्वतः पाचव्या फेरीत पडलेला होता, अबोलीताई. २०१९.

---

अबोली | १५ मार्च, सकाळी १०.३५

काका, भावनेच्या भरात लिहिलेल्या वाक्याला तळटीप जोडायची नसते. :)

---

चौथा_डाव | २७ एप्रिल, सकाळी १०.००

ड्राफ्ट संपला. अकरावा: मायकेल विल्यम्स, एज (डिफेन्सिव्ह लाइनच्या कडेचा), जॉर्जिया. दुसऱ्या फेरीत आल्फ्रेड कॉलिन्स, टेक्सासचा अगडबंब डिफेन्सिव्ह टॅकल. तिसऱ्या फेरीत लाइनबॅकर निक मार्टिन आणि कॉर्नर अप्टन स्टाउट. चौथ्यात पुन्हा डिफेन्सिव्ह टॅकल, सी. जे. वेस्ट. पहिले पाचही पिक डिफेन्सचे. सालेह परत आला तो रिकाम्या हाताने परत आलेला नाही.

अर्धा आराखडा मिळाला, आणि त्या अर्ध्यावर मी खूश आहे. विल्यम्सच्या नावावर सॅक फारसे नाहीत म्हणून समाजमाध्यमांवर बोंब चाललीय. त्यांनी त्याचे रनविरुद्धचे सामने बघावेत. घोटा दुखावलेला असताना तो गेल्या वर्षी खेळत होता. बोसाच्या पलीकडच्या बाजूला असा माणूस हवा होता ज्याच्यावरून धावता येत नाही. कॉलिन्सचं तेच काम मधोमध.

पण ऑफेन्सिव्ह लाइन? अकरा पिकांत एक. सातव्या फेरीत, आयोवाचा कॉनर कोल्बी. बँक्सच्या जागी लेफ्ट गार्डवर कोण खेळणार आहे हे मला आजही ठाऊक नाही. बार्च? बर्फर्ड?

---

फिलीकर | २७ एप्रिल, सकाळी ११.१०

जॉर्जियाचा माणूस घेतलात. शिकताय. :)

तुमचे तिन्ही टॅकल अकराव्याच्या आधीच गेले ना पण. कॅम्पबेल चौथा, मेंबू सातवा, बँक्स नववा. मग काय करणार होते?

---

चौथा_डाव | २७ एप्रिल, सकाळी ११.४५

अकराव्याला विल्यम्सच बरोबर, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या दहा पिकांबद्दल आहे. आपल्याच डिव्हिजनमधलं सिएटल बघा. त्यांची लाइन आपल्यापेक्षा वाईट होती, त्यांनी अठराव्याला ग्रे झेबेल उचलला आणि गार्डचा प्रश्न बहुधा पुढची पाच वर्षं मिटवला. आपण तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेरीतसुद्धा एक नाव घेऊ नये? पुनी तिसऱ्या फेरीतच सापडला होता ना? एकदा खाण लागली की माणूस तिथेच पुन्हा खणतो. आपण दुसऱ्या टेकडीवर गेलो.

---

रविवारचा_रश | २७ एप्रिल, दुपारी १.२०

एकाच ड्राफ्टमध्ये दोन्ही लाइन बांधता येत नाहीत हो. डिफेन्स पूर्ण पोखरला होता: एज, दोन टॅकल, लाइनबॅकर, कॉर्नर, सगळ्या जागा रिकाम्या. ऑफेन्समध्ये निदान ट्रेंट, पुनी, मॅकिविट्झ उभे आहेत. आणि शेवटचा नंबर आल्याचा एकच फायदा म्हणजे वेळापत्रक: एनएफसी साउथ आणि एएफसी साउथ या गटांतले संघ, वर बेअर्स, जायंट्स आणि ब्राउन्स. अशा वर्षी पोरं शिकवून घ्यायची. तुम्हीच म्हणाला होतात ना, तोंड कडू असताना औषध घ्यावं?

---

गणिती_काका | १७ मे, सकाळी ९.३०

पर्डी: पाच वर्षं, २६.५ कोटी. वर्षाला ५.३. फेब्रुवारीत मी हाच आकडा लिहिला होता, ज्यांना शंका असेल त्यांनी वर जाऊन वाचावं. यंदा कॅपवर एक कोटीपेक्षाही कमी दिसणार. किटलचंही आटोपलंय, चार वर्षं, ७.६४ कोटी. एकूणात पाया, शिखर आणि छप्पर यांचे पैसे दिले. भिंतींचं बघू.

आता मुद्द्याचं बोलतो. पर्डीची कॅपवरची खरी किंमत दोन वर्षांनी चढायला लागेल. तोपर्यंत डिफेन्सची ही पाच पोरं रूकी (नवख्यांच्या) करारांवर, म्हणजे स्वस्तात. चार वर्षांची खिडकी आहे. त्या खिडकीत ट्रेंटचा वारस सापडला नाही तर तो बाजारातून वर्षाला अडीच-तीन कोटींना आणावा लागेल, आणि तेव्हा ते पैसे नसतील. म्हणून २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक टॅकललाच. यात मी चौथा_डाव यांच्या बाजूने.

---

अबोली | १७ मे, सकाळी १०.०५

२०२६ पर्यंत थांबायचं आणि मधल्या काळात ३७ वर्षांच्या माणसाने सतरा सामने खेळावेत अशी प्रार्थना करायची? गेल्या वर्षी दहाच खेळला. जोश सिमन्स गुडघा दुखावलेला म्हणून थेट ३२व्यापर्यंत घसरला आणि कुणी घेतला? चीफ्सनी. दुसऱ्या फेरीच्या पिकात काहीतरी घालून आपण वर चढू शकलो असतो.

---

चौथा_डाव | १७ मे, सकाळी १०.४०

चढू शकलो असतो, पण मग कॉलिन्स नसता. आणि कॉलिन्स मला हवाच होता.

मी सुचवेन ते एवढंच: ऑगस्टअखेरीला संघ ५३ खेळाडूंवर आणताना इतर ३१ संघ चांगले लाइनमन सोडतात. तेव्हा एक अनुभवी टॅकल उचला, गरज पडली तर पुढच्या वर्षीचा सहाव्या फेरीचा पिक देऊन. आणि कोल्बीला पहिल्या दिवसापासून बार्चच्या बरोबरीने लेफ्ट गार्डवर उभा करा. आयोवाची पोरं कच्ची येत नाहीत. पहिलाच सामना ७ सप्टेंबरला सिएटलमध्ये आहे, त्या गोंगाटात क्यूबीचा आवाज लाइनपर्यंत पोहोचत नाही. तिथे डावीकडे ट्रेंटशेजारी कोण उभा आहे ते बघून पुढचं लिहीन.

---

कोल्हापुरी_पठ्ठ्या | १७ मे, रात्री ९.२०

काका, तुमचं ते लीड्स वर आलं की हो! शंभर गुण घेऊन प्रीमियर लीगमध्ये. मालकांचे पैसे कुठे गेले ते कळलं.

बरं, ७ सप्टेंबरचा सामना आपल्याकडे किती वाजता दिसेल? आता बघायलाच पाहिजे.

---

गणिती_काका | १७ मे, रात्री १०.००

इथे दुपारी एक, म्हणजे तुमच्याकडे मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास. दुपारी झोपून घ्या. आणि चेंडू दिसला नाही तरी चालेल, डावा गार्ड आणि टॅकल बघा, तिथला आडदांड कोण ते मी सामना चालू असताना इथेच लिहीत जाईन.